काडतुसांची मर्यादा आणि अमेरिकन बंदूकधारकांची प्रतिक्रिया : एक चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शस्त्रनियंत्रणाच्या वादात गेली तीन दशके दहा हा आकडा सातत्याने केंद्रस्थानी राहिला आहे. बंदुकीच्या एका मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे एकामागून एक वर सरकवणाऱ्या स्प्रिंगच्या पेटीत, दहापेक्षा अधिक काडतुसे मावू नयेत, अशी ही मागणी आहे. शस्त्र हा परवान्याचा विषय आहे, असे मानणाऱ्या भारतीय वाचकाला बंदूकधारकांचा याबाबतचा विरोध निव्वळ हटवाद वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्यांच्यावर कायद्याचे बंधन पडते त्यांचे म्हणणे तपासल्याशिवाय कायद्याचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रतिक्रियेचे पदर वेगळे करून प्रत्येकाचे तार्किक बळ पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

१३ सप्टेंबर १९९४ रोजी अमलात आलेल्या संघीय कायद्याने दहाहून अधिक क्षमतेच्या नव्या मॅगझिनांवर बंदी घातली. त्यापूर्वी तयार झालेली मॅगझिने मात्र बाळगता, विकता आणि आयातही करता येत होती. दहा वर्षांची मुदत संपताच, सप्टेंबर २००४ मध्ये, हा कायदा संपुष्टात आला. न्यू जर्सीने १९९० मध्येच पंधराची मर्यादा घातली होती. कॅलिफोर्नियाने २००० पासून मोठ्या मॅगझिनांची विक्री थांबवली. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक येथील शाळेत २० मुले व ६ प्रौढ मारले गेले. हल्लेखोराने पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात १५४ गोळ्या झाडल्या होत्या. त्यानंतर २०१३ मध्ये न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि कोलोरॅडो या राज्यांनी नवे कायदे केले.

प्रतिक्रियेचे तीन पदर

पहिला पदर तांत्रिक आहे. ग्लॉक १७ या पिस्तुलासोबत कारखान्यातूनच सतरा काडतुसांचे मॅगझिन येते. जे मूळचेच प्रमाण आहे त्याला ‘मोठ्या क्षमतेचे’ म्हणणे ही भाषिक चलाखी आहे, असे बंदूकधारक म्हणतात. सरावलेला माणूस काही क्षणांत मॅगझिन बदलतो, मग मर्यादेचा उपयोग काय, असाही त्यांचा प्रश्न असतो.

दुसरा पदर स्वसंरक्षणाचा आहे. रात्री घरात शिरणारे किती असतील हे आधी ठाऊक नसते. शिवाय बहुतेक कायद्यांत पोलिसांना सूट असते. मग सामान्य नागरिकाच्या जिवाचे मोल कमी का, असे विचारले जाते.

तिसरा आणि सर्वांत खोल पदर अविश्वासाचा आहे. आज दहा, उद्या सात, परवा जप्ती, ही ती भीती होय. कोलोरॅडोत या भीतीने राजकीय रूप घेतले. सप्टेंबर २०१३ मध्ये सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स आणि सिनेटर अँजेला गिरॉन यांना मतदारांनी परत बोलावले. मॅगझिने बनवणाऱ्या मॅगपुल या कंपनीनेही राज्यातून बस्तान हलवले.

चिकित्सा

पहिले दोन पदर शेजारी ठेवले की त्यांतील विसंगती उघड होते. मॅगझिन बदलणे क्षणाचे काम असेल, तर दहा काडतुसांनी घरमालक असहाय होत नाही; आणि तो क्षण घातक असेल, तर हल्लेखोरालाही तो अडवेलच. दोन्ही युक्तिवाद पूर्ण ताकदीने एकाच वेळी मांडता येत नाहीत. टूसॉन येथे ८ जानेवारी २०११ रोजी काँग्रेस सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर हल्ला करणाऱ्याने ३३ काडतुसांचे मॅगझिन रिकामे केले आणि नवे भरण्याच्या प्रयत्नात असतानाच उपस्थितांनी त्याला पकडले. तो विराम पोकळ कल्पना नाही, हे या घटनेने दाखवले.

परंतु हीच कसोटी समर्थकांनाही लावली पाहिजे. विराम निर्णायक असेल, तर तो संरक्षण करणाऱ्यालाही महाग पडू शकतो, हे त्यांनी मान्य केले पाहिजे. कॅलिफोर्नियातील खटल्यात सरकारी पक्षाने नॅशनल रायफल असोसिएशननेच संकलित केलेल्या घटनांवरून स्वसंरक्षणात झाडलेल्या गोळ्यांची सरासरी काढून दाखवली. ती सुमारे २.२ होती. आकडा बोलका आहे, पण सरासरीने प्रश्न मिटत नाही. कोणीही सरासरी दिवसासाठी विमा उतरवत नाही. म्हणून खरा निवाडा तुलनेचा आहे. दहाहून अधिक गोळ्या लागणारे स्वसंरक्षणाचे प्रसंग विरळ, आणि गर्दीवर शेकडो गोळ्या झाडणारे हल्लेही संख्येने विरळच. मात्र दुसऱ्या प्रकारात एकेका प्रसंगातील जीवितहानी कितीतरी मोठी असते. या तुलनेत मर्यादेची बाजू जड ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अविश्वासाचा पदर मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. न्यू जर्सीची मर्यादा २०१८ मध्ये पंधरावरून दहावर आली. न्यूयॉर्कने दहाच्या मॅगझिनमध्ये सातच काडतुसे भरावीत असा नियम केला. संघीय न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये तो रद्द केला. कॅलिफोर्नियात २०१६ च्या सार्वमताने पूर्वी कायदेशीरपणे घेतलेली मॅगझिने बाळगणेही निषिद्ध ठरवले. काल कायद्याने घेतलेली वस्तू आज गुन्हा ठरते, तेव्हा वाद आकड्याचा राहत नाही, राज्यसंस्थेच्या शब्दाचा होतो. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी तो कायदा रद्द केल्यावर, स्थगिती येईपर्यंतच्या आठवडाभरात तेथे मॅगझिनांची प्रचंड खरेदी झाली. पुढे मार्च २०२५ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ मतांनी कायदा वैध ठरवला, तरी अविश्वास निकालाने मिटत नाही.

येथेच या प्रश्नाची खरी कोंडी आहे. जुनी मॅगझिने वगळणारा कायदा बंदूकधारकांना त्यातल्या त्यात सह्य वाटतो, पण तो निष्प्रभ ठरण्याचा धोका असतो. १९९४ च्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस्तोफर कोपर यांनी २००४ मध्ये परिणाम अल्प असण्याची शक्यता वर्तवली आणि शिल्लक साठा हे त्याचे एक प्रमुख कारण दाखवले. जुनी मॅगझिनेही काढून घेणारा कायदा अधिक परिणामकारक ठरू शकतो, पण तो ज्यांच्या सहकार्यावर अवलंबून आहे त्यांनाच दुरावतो.

बंदूकधारक हा एकजिनसी वर्ग नाही, हेही ध्यानात घ्यावे लागेल. प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या पाहणीत त्यांच्यापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांनी अशा मर्यादेस अनुकूलता दर्शवली होती. गिफर्ड्स स्वतः बंदूकधारक आहेत. व्हरमाँटचे रिपब्लिकन गव्हर्नर फिल स्कॉट यांनी ११ एप्रिल २०१८ रोजी लांब बंदुकांसाठी दहा आणि पिस्तुलांसाठी पंधरा अशी मर्यादा घालणाऱ्या विधेयकावर विधानभवनाच्या पायऱ्यांवर, विरोधकांच्या घोषणाबाजीत, स्वाक्षरी केली.

भारतातही डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती होताना परवानाधारकाची शस्त्रसंख्या तीनवरून एकवर आणण्याचा प्रस्ताव होता. आक्षेपांनंतर ती दोन ठरली. अधिकाराची घटनात्मक चौकट भिन्न असली, तरी हाती असलेली वस्तू सोडण्याविषयीची मानवी नाराजी दोन्हीकडे सारखीच दिसते.

समारोप

बंदूकधारकांच्या प्रतिक्रियेतील तांत्रिक युक्तिवाद सर्वांत गाजतो आणि तोच सर्वांत दुबळा आहे. अविश्वासाचा युक्तिवाद समर्थकांना सर्वांत त्रासदायक वाटतो, आणि उत्तर देण्यास तोच सर्वांत योग्य आहे. मर्यादेचा आकडा कोठून आला हे सांगणारा, जुन्या मालकांना पुरेसा अवधी व मोबदला देणारा आणि ठरलेली मर्यादा पुन्हा सहज न बदलणारा कायदा सर्वांचे समाधान करील असे नाही. परंतु अशा कायद्याला होणारा विरोध बंदुकीच्या प्रेमातून येतो की शासनाच्या भयातून, हे तरी स्पष्ट होईल. लोकशाहीत या दोहोंना द्यावयाची उत्तरे निरनिराळी असतात.