‘मर्लिन’चे कान

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेच्या ‘मर्लिन’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये २०२१ पासून आवाजावरून पक्षी ओळखता येतो. आवाजाचा आलेख काढून अ‍ॅप तो शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. सहलीत फार उपयोगी. पण कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा पक्षी पाहिल्याशिवाय वहीत नोंद नको.

आणि नमुनाच नसेल तर? १८८४ नंतर हरवलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ दिसला, तेव्हा त्याचा आवाज शास्त्रज्ञांनाही अपरिचित होता. पुढे ध्वनिमुद्रण वाजवूनच मेळघाटात त्याचा शोध घेतला गेला. मात्र मुद्रण वारंवार वाजवले की पक्षी हद्द राखायला धावतो, घरट्याकडे दुर्लक्ष होते. संशोधक ते मोजूनमापून वाजवतात. ‘मर्लिन’मध्ये पक्ष्यांचे आवाज बोट लावताच वाजतात, ही मला त्याची सर्वांत मोठी उणीव वाटते.