लाल दिसले म्हणजे दाह?

अपचनाच्या तक्रारीसाठी एंडोस्कोपी करून आलेल्या माणसाच्या अहवालात पुष्कळदा ‘ड्युओडिनायटिस’ हा शब्द असतो. जठरातले अन्न लहान आतड्याच्या ज्या पहिल्या, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या भागात उतरते ते आद्यांत्र. त्याचा दाह, असा याचा अर्थ. दुखण्याला नाव मिळाले की रुग्णाला बरे वाटते आणि औषध सुरू होते. पण हे नाव कशावरून दिले?

दुर्बिणीतून दिसतो तो रंग आणि पृष्ठभाग. व्रण दिसला तर प्रश्नच नाही. नुसती लाली मात्र फसवी असते. लिटमस लाल झाला यावर वर्गात एकमत होते. ‘किंचित लालसर’ यावर डॉक्टरांचेही होत नाही. दाह म्हणजे ऊतीत झालेली पांढऱ्या पेशींची गर्दी, आणि ती अस्तराचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावी लागते. लाल भागाचा तुकडा निर्दोष निघतो आणि साध्या दिसणाऱ्या भागात दाह सापडतो, असे दोन्ही घडते. या दुसऱ्या रुग्णाला ‘काही नाही, मनाचे आहे’ असे सांगून घरी पाठवले जाते, हे अधिक वाईट.

बरे, तुकडा काढला तरी अडचण उरतेच. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी निरोगी माणसाच्या आद्यांत्रातही असतात. मग किती असल्या म्हणजे जास्त? त्यासाठी निरोगी माणसेही तपासायला हवीत, आणि निरोगी माणूस नळी गिळायला सहसा येत नाही! उत्तर स्वीडनमधील कालिक्स आणि हापारांडा येथे हे जमले. १९९८ ते २००१ या काळात तेथील सर्वसामान्य लोकांतून निवडलेल्या १००१ प्रौढांची एंडोस्कोपी झाली. त्यांतले व्रण नसूनही अपचन असणारे ५१ आणि तुलनेसाठी ४८ जण घेऊन निकोलस टॅली व सहकाऱ्यांनी या पेशी मोजल्या. २००७ साली त्यांनी कळवले, की अपचनवाल्यांत त्या जास्त आहेत.

कामाचा पाया चांगला, पण ५१ ही संख्या लहान आहे. शिवाय एकदाच केलेल्या मोजणीतून पेशी वाढल्या म्हणून अपचन झाले, की दोन्हींमागे तिसरेच कारण आहे, हे ठरत नाही. ॲलर्जीने आणि जंतांनीही या पेशी वाढतात. जंत सर्रास आढळणाऱ्या आपल्या गावांतून स्वीडनची पट्टी लावून कोणाला रोगी ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.