‘व्हुर्दालाकचे कुटुंब’ : आप्तभाव आणि भय

प्रियकराने प्रेयसीच्या घरी जावे आणि त्या घराचे भीषण रहस्य हळूहळू उलगडावे, हा अतिमानुष भयकथेतील परिचित आकृतिबंध आहे. अशा कथांचा विचार बहुधा ‘निरपराध पाहुणा विरुद्ध शापित कुटुंब’ या द्वंद्वाच्या आधारे केला जातो. रशियन लेखक अलेक्सेय कॉन्स्तान्तिनोविच टॉलस्टॉय (१८१७–१८७५) यांच्या ‘व्हुर्दालाकचे कुटुंब’ या दीर्घकथेला हे द्वंद्व अपुरे पडते. १८३९ मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेली ही कथा लेखकाच्या निधनानंतर, १८८४ मध्ये रशियन अनुवादरूपाने प्रसिद्ध झाली. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतील रक्तपिपासू परक्या देशातून येतो. टॉलस्टॉय यांच्या कथेत तो घरचाच कर्ता पुरुष आहे.

१७५९ मध्ये मोल्डाव्हियाकडे निघालेला फ्रेंच सरदार द्युर्फे एका सर्बियन खेड्यात मुक्काम करतो. ज्या घरी तो उतरतो तेथील वृद्ध गोर्चा एका लुटारूच्या शोधात गेलेला असतो. दहा दिवस उलटून गेल्यावर आपण परतलो तर घरात घेऊ नये, छातीत खुंट ठोकावा, अशी आज्ञा त्याने मुलांना दिलेली असते. तो परततो तो नेमका मुदत संपण्याच्या क्षणी. मुदत उलटली की नाही, हे कोणालाच निश्चित सांगता येत नाही. येथे कथेचा गाभा आहे. आज्ञा देणारा आणि जिच्यावर ती बजावायची ती व्यक्ती एकच असल्याने आज्ञापालन आणि पितृभक्ती परस्परविरोधी ठरतात. थोरला मुलगा ज्यॉर्ज संशय घेतो, पण निर्णायक कृती करू शकत नाही.

व्हुर्दालाक प्रथम आपल्या जिवलगांचेच रक्त शोषतो, ही लोकसमजूत लेखकाने कथेचे तत्त्व म्हणून वापरली आहे. मेलेला नातू रात्री दाराशी येऊन थंडी वाजते म्हणून रडतो. त्याला स्वतः पुरताना पाहिलेली आई दार उघडते. अनिष्टाला घरात प्रवेश मिळतो तो वात्सल्यामुळे. कुटुंबाला जोडणारा धागा आणि संसर्गाचा मार्ग एकच आहे.

या प्रकाशात द्युर्फेचे स्थान तपासावे लागते. पहिल्या मुक्कामात तो केवळ पाहुणा असतो आणि सुखरूप निघून जातो. सुमारे सहा महिन्यांनी तो गोर्चाची मुलगी झ्देन्का हिच्या ओढीने परततो, तेव्हा गाव ओस पडलेले असते. झ्देन्का त्याला निघून जाण्यास पुनःपुन्हा विनवते. तो ऐकत नाही. तिच्या आप्तांत जागा मिळवण्याचा त्याचा हट्टच त्याला त्या कुटुंबाचे भक्ष्य बनवतो. त्याला निरपराध म्हणणेही कठीण आहे. ही हकिकत तो वृद्धपणी, १८१५ मध्ये, व्हिएन्नातील उच्चभ्रू मंडळींना रंजक आठवण म्हणून सांगतो. एका कुटुंबाचा समूळ नाश त्याच्या कथनात प्रणयसाहसाच्या पातळीवर उतरतो, आणि हा उपरोध लेखकाला अभिप्रेत असावा.

कथेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. शेवटच्या पाठलागात खुंटाच्या आधारे उड्या मारणारा गोर्चा आणि नातवंडांचा अस्त्रासारखा वापर ही दृश्ये भयाकडून विद्रूप विनोदाकडे झुकतात. सर्बियन समाज फ्रेंच सरदाराच्या नजरेतूनच दिसतो. झ्देन्काचे अंतर्मन जवळपास अबोल राहते. तिच्या विनवणीत प्रेम किती आणि पिशाच्चत्व किती, हे वाचकालाच ठरवावे लागते.

तरीही या कथेचे महत्त्व निर्विवाद आहे. मारियो बाव्हा यांच्या १९६३ च्या चित्रपटापासून २०२३ च्या फ्रेंच चित्रपटापर्यंत तिची रूपांतरे झाली, याचे कारण केवळ रक्तपिपासूचे आकर्षण नसावे. वडीलधाऱ्यांविषयीचा आदर, मातृत्व आणि प्रेम या मान्य मूल्यांनाच ती भयाचे वाहक बनवते. त्यामुळे जोडीदाराच्या घराची भयकथा अभ्यासताना ‘ते कुटुंब कसे आहे?’ या प्रश्नाइतकाच ‘त्या कुटुंबाचे होण्याची किंमत कोणती?’ हा प्रश्नही समीक्षेने विचारला पाहिजे.