केतकरांचे ‘माझे’ आणि ‘मंडळाचा’

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२७ साली ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकातील ‘माझे’ व ‘मंडळाचा’ ही दोन षष्ठ्यन्त पदे लक्षणीय आहेत. ज्ञानकोशाचे २३ विभाग काढण्यासाठी संपादकालाच कंपनी स्थापून भाग खपवावे लागले, वर्गणीदारही मिळवावे लागले. केतकरांच्या गद्यावर रूक्षतेचा आक्षेप घेतला जातो. परंतु अलिखित ग्रंथासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्यास योजना, खर्च व मुदत उघड मांडावी लागते. अलंकाराने तेथे संशयच वाढेल. ‘माझे’ म्हणणारा लेखक येथे ‘मंडळा’चा हिशेबही देत आहे. स्वतःचे ग्रंथ स्वतःच काढून विकणाऱ्यांच्या गद्याची परीक्षा करताना शैलीआधी हे प्रयोजन पाहणे अगत्याचे होय.