सोप्रानो आणि ‘रक्तातलं गाणं’

मंडळी, आजचा विषय वडिवळ्यात जरा परका वाटेल. ऑपेरातली गायिका, त्यातही ‘सोप्रानो’, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातली सगळ्यांत उंच जात. पण ज्या बाईंविषयी आपण बोलणार आहोत त्या मुंबईच्या. पॅट्रिशिया रोझारिओ. जन्म १९६०चा, घराणं गोव्याकडचं ख्रिस्ती. लंडनला गिल्डहॉल स्कूलमध्ये शिकल्या, तिथलं सुवर्णपदक मिळवलं, आणि २००१ साली ब्रिटनचा ‘ओबीई’ हा किताब त्यांना मिळाला. इतकं चरित्र पुरे. आम्हाला त्यांच्या कीर्तीपेक्षा त्या कीर्तीची जी कारणं सांगितली जातात, त्यांची तपासणी करायची आहे.

जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराने रोझारिओबाईंच्या आवाजासाठी तीसहून अधिक रचना केल्या. एका जिवंत गळ्यासाठी एवढं लिहिलं जाणं दुर्मिळच. टॅव्हनर १९७७ साली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात गेले, पुढे पूर्वेकडच्या धर्मविचारांकडेही वळले. त्यांच्या रचनेत एकाच स्वरावर किंवा एकाच अक्षरावर आवाज लांब लांब फिरत राहतो. मग लोक म्हणतात, बाई भारतीय, त्यामुळे हे त्यांच्या रक्तातच आहे. वरवर पाहता हे कौतुक आहे. पण तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘जन्मजात’ हा शब्द आला की आम्ही सावध व्हायचो, तसंच इथेही व्हायला हवं.

रक्तात काय होतं ते बघू. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळा होत्या. तिथे पोरांना स्वरलिपी वाचायला, व्हायोलिन धरायला शिकवत. पुढे याच परंपरेतली माणसं मुंबईला आली आणि आपल्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं तुम्ही ऐकली असतील. नसतील तरी त्यांचं वाजवणं ऐकलेलं आहे! त्याच गोव्यातून मास्टर दीनानाथ आले, ज्योत्स्नाबाई भोळे आल्या, मोगूबाई आल्या. भूमी एकच, एकीकडे देवळाचं अंगण, दुसरीकडे चर्च. रोझारिओबाई दुसऱ्या बाजूच्या. आपण त्यांना ‘भारतीय’ म्हणतो तेव्हा मनात आलाप आणि तानपुरा असतो. त्यांच्या वारशात मात्र कागदावरचा स्वर वाचायची चारशे वर्षांची शिस्त आहे. ती शिस्तही भारतीयच, नाही का?

आता आवाजाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑपेरात माइक नसतो. समोर साठ-सत्तर वाद्यं, आणि गळा शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे. माळावरून पलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण स्वर चढवतो आणि तोंड मोठं उघडतो. मूळ युक्ती तीच. सोप्रानो अगदी वरच्या सुरात गाते तेव्हा आवाज सेकंदाला हजाराच्या आसपास कंपनं करतो. आता ‘ई’ हा स्वर ‘ई’ म्हणून ओळखू येतो तो तोंडाच्या पोकळीत सुमारे तीनशे कंपनांशी जो घुमारा असतो त्यामुळे. गाण्याचा सूरच त्याच्या वर निघून गेला की ‘ई’ला उभं राहायला जागाच उरत नाही. गायिकेला जबडा उघडावा लागतो, आणि सगळे स्वर ‘आ’कडे सरकतात. म्हणजे तिथे शब्द जातो तो बाईंच्या आळसाने नाही, पदार्थविज्ञानाने जातो.

नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला हे खटकतं. आपल्याकडे पद रंगतं ते शब्दाला धरून. बालगंधर्व एकच ओळ पुन्हा पुन्हा घेत, प्रत्येक वेळी शब्दाचा नवा पदर उलगडत. ऑपेरातल्या गायिकेला ती मुभा नाही, लिहिलंय तेवढंच गायचं. टॅव्हनरांनी काय केलं, तर शब्दाचं हे विरघळणं उणीव न मानता त्यालाच प्रार्थना केलं. ‘मेरी ऑफ इजिप्त’ हा त्यांचा ऑपेरा १९९२ साली ऑल्डबराच्या महोत्सवात झाला, मेरीच्या भूमिकेत रोझारिओबाई. देहविक्रय सोडून वाळवंटात तप करणारी ही संत. आपल्याला लगेच कान्होपात्रा आठवेल, पण १९३१च्या ‘संगीत कान्होपात्रा’त कथा चालते, माणसं भांडतात. इथे कथा जेमतेम, स्तब्धता फार. आमचं स्पष्ट मत असं की नाटक म्हणून तो ऑपेरा लंगडा आहे. तो उभा राहतो गळ्याच्या आधारावर. आणि ब्लेकच्या कवितेवरची ‘इटर्निटीज सनराइज’ ही छोटी रचना ऐका. भोवती हातात धरायच्या घंटा आणि जुन्या बांधणीची वाद्यं, आवाज हलका, न थरथरता वर जाणारा. एवढ्या उंचीवर एवढं कमी जोर लावून गाणं, हे कमावलेल्या श्वासाचं काम आहे. ते जन्माच्या खाती टाकलं की वर्षानुवर्षांच्या रियाजाचं श्रेय आपण बाईंकडून काढून घेतो.

यात आपल्यालाही एक प्रश्न आहे. असा आवाज मुंबईत घडला असता का? चर्नी रोडच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं. पण तिथे बालगंधर्व, दीनानाथ गायले, पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, सिनेमाही लागला. ऑपेराची कायमची मंडळी तिथे रुजली नाही. १९९३ला दारं बंद झाली. २०१६च्या ऑक्टोबरात ती पुन्हा उघडली, तेव्हा पहिलं गाणं रोझारिओबाईंचं होतं, पियानोवर त्यांचे पती मार्क ट्रूप. आपण त्याला ‘घरवापसी’ म्हणून टाळ्या वाजवायला मोकळे आहोत. पण वास्तू दुरुस्त होते तशी शिकवणी दुरुस्त होत नाही. सोप्रानो तयार व्हायला आठवड्याला गळा तपासणारा गुरू लागतो, साथीचा पियानोवाला लागतो, लहान लहान भूमिका देणारी मंडळी लागते.

हे दोघे नवराबायको गेली बरीच वर्षं ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या नावाने भारतात येऊन तरुण गळ्यांना शिकवताहेत. त्या शिकवण्यातून निघालेल्या एखाद्या मुलीला उद्या पंचवीस-तिशीत मोठी भूमिका मिळाली, तर तिचं गाणं ऐकताना ती कुठल्या गावची याच्या आधी तिचा श्वास कुठे संपतो ते ऐका. आता प्रश्न असतील तर विचारा.