डावा कोपरा

कबड्डीचा सामना संपला की बेळगाव-निपाणी भागातली जाणती माणसं चढाईपटूबद्दल फार बोलत नाहीत. त्याचे गुण सगळ्यांनी मोजलेले असतात, टाळ्या-शिट्ट्या वाजवून झालेल्या असतात. बोलणं वळतं ते कोपऱ्याकडे. "डाव्या कोपऱ्यातलं पोरगं बघितलास काय गा?" असं एकजण विचारतो. दुसरा त्याच्या पकडी किती झाल्या ते सांगत नाही. तो उलट विचारतो, "पकडतंय खरं, पण थांबतंय काय?"

प्रो कबड्डीचा लिलाव जवळ आला की हीच कसोटी मोठ्या नावांनाही लागते. कुणाला किती लाख मिळतील, कुठला संघ कुणाला सोडणार, यावर चहाच्या गाड्यावर तास जातात. त्या सगळ्या बोलण्यात मला सर्वांत आवडतो तो हा 'थांबण्या'चा मुद्दा. कबड्डीसारख्या धसमुसळ्या दिसणाऱ्या खेळात न हलण्याची किंमत करणारा प्रेक्षक तयार झाला आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. त्या नजरेला नेमकं काय दिसतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी जागा पाहू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेने त्याचे दोन भाग पडले की एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस रेषा. वजाबाकी केली की बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात फक्त १.७५ मीटर. सहा फुटी माणूस तिथे पाय पसरून झोपूही शकणार नाही. कोपरारक्षकाचा बराचसा खेळ एवढ्या पट्टीत चालतो. मागे अंतिम रेषा आहे, पाय पलीकडे पडला की तो बाद. बाजूला एक मीटरचं राखीव क्षेत्र आहे, आणि झटापट सुरू होण्याआधी तिथे पाऊल पडलं तरीही बाद. मधल्या रक्षकाला सरकायला दोन्हीकडे जागा असते, दोन्हीकडे माणसंही असतात. कोपऱ्याला सोबत एकाच बाजूने, शेजाऱ्याच्या हाताची.

आता बोनसचा क्षण घ्या. समोर सहा किंवा सात रक्षक असले की बोनस खुला असतो. चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असला पाहिजे. नियम एवढाच, पण सगळं काव्य त्यात आहे. गुण हवा तर चढाईपटूला एका पायावर यावंच लागतं. साऱ्या अंगाचा भार त्या एका घोट्यावर येतो, तोही कोपऱ्याच्या हातभर अंतरावर. चढाईपटूला हे ठाऊक असतं, म्हणून तो खरा पाय लगेच टाकत नाही. एकदा हूल देतो, दुसऱ्यांदा देतो, खांदा एकीकडे झुकवून पाय दुसरीकडे नेतो. तीस सेकंदांच्या चढाईतली बरीचशी सेकंदं या फसवाफसवीत जातात.

कच्चा कोपरा पहिल्या हुलीला पडतो. तो झेपावतो, हाताला हवा लागते, चढाईपटू त्याच्या पाठीला बोट लावून मध्यरेषेकडे निघतो. थोडा शिकलेला कोपरा हुलीला फसत नाही, पण मागे सरतो. टाच उचलली जाते, अंतर वाढतं आणि खरा पाय येतो तेव्हा हात पोचत नाही. पक्का कोपरा दोन्ही करत नाही. तो गुडघ्यात वाकलेला असतो, भार चवड्यावर, नजर चढाईपटूच्या कमरेवर. पाय खोटं बोलतो, खांदा खोटं बोलतो, कंबर खोटं बोलू शकत नाही. भार खरोखर पुढे आला की आधी कंबर येते. ती आली की कोपरा खाली जातो, दोन्ही हातांनी घोटा धरून छातीशी ओढतो आणि आपलं अंग चढाईपटूच्या परतीच्या वाटेवर टाकतो.

आमच्याकडचे जुने प्रेक्षक म्हणूनच चेंडू पाहावा तसा चढाईपटू पाहत नाहीत, ते कोपऱ्याची टाच पाहतात. टाच किती वेळा उचलली? कुठल्या हुलीला उचलली? पुढच्या चढाईत तीच हूल पुन्हा आली तेव्हा काय झालं? हे वाचणं तालमीतून आलेलं आहे. हा कुस्तीचा मुलूख आहे. पट काढायला पैलवान कधी घुसणार हे समोरच्याच्या उभं राहण्यावरून ओळखायची सवय इथे आधीपासूनची. तोच पट कबड्डीतही निघतो, तेव्हा डोळ्यांना वेगळं शिकावं लागलं नाही.

घोटा धरला म्हणजे पकड झाली असं मात्र नाही. एकट्या कोपऱ्याला ओढत घेऊन गेलेले चढाईपटू थोडे नाहीत. शेजारचा खेळाडू आणि त्याच्या पलीकडचा रक्षक, म्हणजे कव्हर, किती लवकर येतात यावर पकड तरते. चांगल्या जोडीत हातातला हात सुटण्याचा क्षणच खुणेचा असतो. कोपऱ्याने हात सोडला, की तो खाली जाणार हे शेजाऱ्याला न बघता कळतं. पोरगं निवडताना म्हणूनच "शेजारी कोण होतं?" असं विचारणारा माणूस मला फार शहाणा वाटतो. एकाच्या नावावर लागलेल्या पकडीत किती जणांचे हात होते, हे त्याला पाहायचं असतं.

इथून गुणफलकाशी खरा वाद सुरू होतो. समजा, एका चढाईपटूने डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं, दोन हुली दिल्या, टाच हलली नाही, तो रिकामा परतला. पुढच्या चढाईतही तसंच. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईत तो घाईने दुसऱ्या बाजूला घुसतो आणि उजव्या कव्हरच्या मिठीत सापडतो. गुण कव्हरच्या नावावर. डाव्या कोपऱ्याने अंगालाही न लावता ही पकड घडवली, पण त्याच्या रकान्यात शून्य.

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉर्नरबॅक नावाची जागा आहे आणि तिथेही हीच अडचण आहे. मैदानाच्या कडेला राहून समोरच्या संघाच्या वेगवान खेळाडूकडे जाणारा चेंडू अडवायचा, हे त्याचं काम. तिथे १९३६ पासून ड्राफ्टची पद्धत आहे. संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि त्याआधी कित्येक आठवडे चाहते एकेका पोराच्या पळण्याचा वेग, हाताची लांबी, पाय फिरवण्याची सफाई यांचा कीस पाडतात. न्यूयॉर्क जेट्सने २००७ मध्ये चौदाव्या क्रमांकावर डॅरेल रिव्हिसला घेतलं. पुढे तो इतका भारी ठरला की त्याच्या बाजूला चेंडू टाकायचंच प्रतिस्पर्धी टाळू लागले आणि त्या मोकळ्या पडलेल्या बाजूला चाहत्यांनी 'रिव्हिसचं बेट' म्हटलं. ज्याच्याकडे चेंडू येत नाही, त्याच्या आकड्यांत काय भरणार? निपाणीत बसून डाव्या कोपऱ्याच्या रिकाम्या चढाया मोजणारा माणूस आणि न्यूयॉर्कचा तो चाहता यांची गाठ पडली, तर भाषेची अडचण फार वेळ राहणार नाही.

लिलावाच्या बाजारात कोपऱ्याला भाव नाही असं कुणी म्हणू नये. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग गेलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला. २०१६ मध्ये मोहित छिल्लर या उजव्या कोपऱ्यासाठी बेंगळुरू बुल्सने ५३ लाख मोजले. आणि २०१८ मध्ये एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडू चढाईपटू नव्हता. तो होता इराणचा डावा कोपरा फझल अत्राचाली. त्याला यू मुंबाने घेतलं. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्ण जिंकणाऱ्या संघाला चाळीस मिनिटांत अठराच गुण मिळाले. त्या भारतीय संघात आपला गिरीश इर्नाकही होता, पुणेरी पलटणचं कर्णधारपद सांभाळलेला मराठी डावा कोपरा. तो पराभव आमच्याकडे अजून बोलला जातो, आणि बोलताना इराणच्या बचावाबद्दल आदर असतो.

फझल आधी कुस्तीगीर होता, हे इथल्या माणसांना सांगावं लागत नाही, त्याच्या बसण्यावरून ते ओळखतात. तो थांबतो. चढाईपटू समोरून तीनदा गेला तरी त्याचे खांदे हलत नाहीत. त्याच्याच देशाचा, त्याच्याच जागेवर खेळणारा मोहम्मदरेझा शादलुई अगदी उलटा. तो बोनसची वाट बघत बसत नाही. चढाईपटू अजून विचार करत असतानाच हा जागा सोडून पुढे येतो आणि त्याला उचलतो. पाटणा पायरेट्सकडून खेळताना एका सामन्यात त्याने पकडीचे १६ गुण मिळवले. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने त्याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करत पुण्याने पहिला करंडक जिंकला. पुढच्या हंगामात शादलुई हरियाणाकडे गेला आणि डिसेंबरात, पुण्यातच बालेवाडीला, हरियाणा विजेता झाला. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाखांना त्याला नेलं.

मग 'थांबतंय काय' ही कसोटी खोटी ठरली का? तरुण पोरं तसंच म्हणतात. त्यांच्या मते थांबण्याचे दिवस गेले, आता अंगावर जावं लागतं. मला ते पूर्ण पटत नाही. शादलुईच्या पकडी पुन्हा पाहा. तो पुढे येतो तेव्हा चढाईपटूचे दोन्ही पाय एका रेषेत आलेले असतात, किंवा त्याने मान दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवलेली असते. म्हणजे तोही थांबलेला असतोच, फक्त त्याला लागणारी खूण लवकर मिळते. त्याची नक्कल करणारं पोरगं त्याचं धावून जाणं उचलतं, पण त्याआधीची अर्ध्या सेकंदाची ती नजर त्याला उचलता येत नाही. अशी पोरं इथल्या मैदानांवरही दिसू लागली आहेत, त्यांच्याकडे बघून वाईट वाटतं.

सीमाभागात या चर्चेला आणखी एक पदर आहे. इथलं पोरगं जिल्ह्याकडून खेळलं तर ते कर्नाटकाचं होतं, घरात मात्र मराठी बोलतं आणि कोल्हापूरचे सामने बघायला जातं. एकाच घरात थोरला बुल्सचा, धाकटा पलटणचा आणि वडील यू मुंबाचे, हे नवल नाही. आणि पुण्याला तो पहिला करंडक मिळवून देणारे प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकाचे. पकड बघताना इथे कुणी प्रांत विचारत नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

अडचण आहे ती मातीवरून मॅटवर जाण्याची. मातीत अनवाणी पाय घसरतो, घोटा हाताला नीट लागतो आणि कोपऱ्याला सरकत खाली जाता येतं. मॅटवर बूट असतात. चढाईपटूचा पाय रोवलेला राहतो, वळणं झटक्याने होतात आणि सरकत जाणारा कोपरा मध्येच अडकतो. मातीत थांबायला शिकलेल्याला मॅटवर थांबण्याचा वेळ कमी पडतो. तो बिघडला असं नव्हे, त्याला नव्याने वेळ मोजावी लागते. ती मोजायला काही महिने हवेत आणि रोज सरावाला मॅट हवी. खेड्यातल्या पोराला दोन्ही सहज मिळत नाहीत.

मला एकच कोपरा निवडायचा असेल तर मी फझल निवडीन. शेवटची दोन मिनिटं, एका गुणाची आघाडी, समोर तिसरी चढाई, अशा वेळी पुढे येणाऱ्यापेक्षा जागेवर राहणारा मला हवा. पण वीस वर्षांच्या पोराला मी हे सांगू शकत नाही. निवड चाचणीत त्याला थोडाच वेळ मिळतो, अनोळखी शेजारी मिळतो, आणि बाजूला वही घेऊन बसलेला माणूस पकडी लिहीत असतो. रिकाम्या चढाया लिहायला त्या वहीत रकाना नसतो. म्हणून चाचणीला निघालेल्या पोराला इथले जुने खेळाडू सांगतात, "पहिली एक पकड दाखव बाबा, मग थांब." जन्मभर थांबण्याचं कौतुक केलेली हीच माणसं. मला हा सल्ला आवडत नाही. तो चुकीचा आहे असंही म्हणवत नाही, कारण वहीत शून्य लागलेल्या कोपऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी बोलावत नाही.