चॉकलेटमढ्या बदामाची परीक्षा : पोषण, सहायक द्रव्ये आणि वेष्टनावरील भाषा

चॉकलेटचे आवरण चढविलेल्या बदामांविषयी जे लिहिले व बोलले जाते, त्यात दोन सूर प्रामुख्याने आढळतात. एक स्तुतीचा : बदाम हृदयाला हितकर, कोकोही हितकर, तेव्हा उभयतांचा संयोग दुप्पट हितकर. दुसरा भीतीचा : वेष्टनाच्या पाठीवर ३२२, ४१४, ४७६, ९०४ असे आकडे छापलेले आहेत, तेव्हा हा पदार्थ म्हणजे रसायनांची पुडी होय. हे सूर परस्परविरोधी भासले तरी त्यांच्यातील दोष एकच आहे, असे आमचे मत आहे. पदार्थात कोणती वस्तू किती आहे आणि ती तेथे कोणत्या कामासाठी आली आहे, हे प्रश्न दोहोंपैकी कोणीच विचारलेले नसतात.

प्रथम ‘किती’ याचा विचार करू. हिशेबाच्या सोयीसाठी साठ भाग दुधाचे चॉकलेट व चाळीस भाग बदाम असे प्रमाण धरू. कारखान्यागणिक ते बदलते हे उघडच आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकांवरून गणित केले असता असे दिसते की, ३० ग्रॅम साध्या बदामांत प्रथिने सुमारे ६ ग्रॅम, तंतुमय द्रव्य पावणेचार ग्रॅम, साखर सव्वा ग्रॅम आणि संपृक्त मेद १ ग्रॅमच्या आसपास असतो. तेवढ्याच वजनाच्या चॉकलेटमढ्या बदामांत प्रथिने ४ ग्रॅमवर व तंतू २ ग्रॅमवर येतात, साखर १० ग्रॅमपर्यंत चढते आणि संपृक्त मेद तिपटीहून अधिक होतो. उष्मांक मात्र दोहोंत बहुतांशी सारखेच, १६५ ते १७५ किलोकॅलरींच्या दरम्यान भरतात. केवळ उष्मांक पाहून खरेदी करणाऱ्यास दोन्ही वस्तू एकच वाटाव्यात, यात नवल नाही.

परंतु ही समानतादेखील पूर्णांशाने खरी नाही. उष्मांकांचे छापील आकडे ॲटवॉटरच्या जुन्या गुणकांवरून काढलेले असतात. नोवोटनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग करून असे दाखविले की, २८ ग्रॅम अखंड बदामांपासून शरीरास सुमारे १२९ किलोकॅलरीच मिळतात. गुणकांनुसार त्या १७० च्या घरात यावयास हव्या होत्या. बदामातील तेल पेशींच्या भिंतींआड कोंडलेले असते. चर्वणाने त्या सर्व भिंती फुटत नाहीत आणि काही तेल न पचताच बाहेर पडते. चॉकलेटातील मेदास असा आडोसा नाही. तो तोंडातच वितळतो व बहुतेक सारा अंगी लागतो. म्हणजे कोष्टकात शेजारी शेजारी बसलेले हे दोन आकडे शरीरात शिरल्यावर एकमेकांपासून दूर जातात. स्तुतिपर लेखनात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच आढळतो.

आता उसन्या कीर्तीविषयी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये कवचफळांसंबंधी एक मर्यादित विधान वेष्टनावर करू दिले. दररोज दीड औंस कवचफळे खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकेल असे पुरावा सुचवितो, परंतु सिद्ध करीत नाही, असा त्याचा आशय. आणि त्यालाही ‘संपृक्त मेद कमी असलेल्या आहाराचा भाग म्हणून’ अशी अट जोडलेली. ज्या अटीवर बदामाला प्रशस्तिपत्र मिळाले, तीच अट आवरण मोडते. कोकोविषयी त्याच प्रशासनाने २०२३ मध्ये दिलेली अनुज्ञा याहूनही तोकडी आहे. ती फक्त फ्लॅव्हॅनॉल विपुल असलेल्या कोकोच्या भुकटीपुरती असून साध्या चॉकलेटास लागू नाही. तेव्हा दुप्पट हिताची भाषा ज्या दोन खांबांवर उभी आहे, त्यांपैकी एक आवरणाने वाकविलेला व दुसरा मुळात तेथे नसलेलाच आहे.

भीतीच्या सुराकडे वळताना या पदार्थाची कृती ध्यानी घ्यावी. फिरत्या भांड्यात बदाम घालून त्यांवर प्रथम डिंकाच्या द्रावणाचा पातळ थर देतात, जेणेकरून बदामाचे तेल चॉकलेटात झिरपून त्यावर पांढुरकी झाक येऊ नये. मग थोडे थोडे चॉकलेट चढवितात आणि शेवटी चकाकीसाठी लाखेचा लेप देतात. संक्रांतीचा काटेरी हलवा ज्याने तिळावर पाक चढवून केला आहे, त्यास हे तंत्र परके वाटणार नाही. ४१४ म्हणजे तो डिंक. डिंकाचे लाडू आवडीने खाणाऱ्यांनी या आकड्याने दचकावे ही गंमतच म्हणावयाची! ९०४ म्हणजे लाखेच्या किड्याने स्रवलेली राळ. तिच्याविषयी कडक शाकाहारी व्यक्तीची हरकत रास्त असली तरी ती आचाराची आहे, आरोग्याची नव्हे. प्रत्येक भीती निराधार असते असे मात्र आम्ही म्हणत नाही. रंगीत कवचांना शुभ्र पाया देणारे टायटॅनियम डायॉक्साइड युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून वगळले, ते पुरेशा कारणानेच.

खरा विचार ४७६ चा करावयास हवा. एरंडेलापासून बनविलेले हे पायसीकारक, पूर्ण नाव पॉलिग्लिसरॉल पॉलिरिसिनोलिएट. (एरंडेलाच्या नावाने पोट धरण्याचे कारण नाही, त्याचा तो गुण येथे उरत नाही.) युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ च्या फेरतपासणीत त्याची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास साडेसात मिलिग्रॅमवरून पंचवीसवर नेली. विषारीपणाचा प्रश्न येथे जवळजवळ संपतो; पण टीकेचा संपत नाही. पातळ केलेले चॉकलेट सहज वाहावे म्हणून एरवी कोकोचे लोणी अधिक घालावे लागते. लेसिथिन, म्हणजे ३२२, आपल्या वजनाच्या सुमारे दसपट लोण्याचे काम करते आणि ४७६ त्यास साहाय्य करते. हे द्रव्य पोटात काय करते याची चौकशी झाली. ते चॉकलेटातून काय काढू देते याची चौकशी ग्राहकाने केलीच नाही.

त्याच वाटेने पुढे गेले असता कोकोचे लोणी पूर्णपणे नाहीसे होऊन त्याच्या जागी पामच्या गराचे तेल येते. कोकोच्या लोण्यातील मेदाम्लांपैकी सुमारे एकतृतीयांश स्टिअरिक आम्ल असून ते रक्तातील कोलेस्टेरॉल फारसे वाढवीत नाही; पामगराच्या तेलात लॉरिक आम्लाचे प्राबल्य असून ते वाढविते. ‘संपृक्त मेद’ या एकाच ओळीत दोन्ही सारखी दिसतात. अशा पदार्थास अमेरिकेत चॉकलेट म्हणता येत नाही, म्हणून उत्पादक ‘चॉकलेटी’ या अर्थाचे विशेषण वापरतात. मराठीत चॉकलेटी हा रंगही आहे, आणि अशा मालाच्या बाबतीत आपला शब्द अधिक प्रामाणिक ठरतो.

युरोपीय संघाने २००० च्या आदेशाने मधला मार्ग काढला. कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त सहा वनस्पतींचे मेद पाच टक्क्यांपर्यंत घालण्यास त्याने मुभा दिली. त्या सहांत साल व आंब्याच्या कोयीबरोबर कोकमही आहे. म्हणजे कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते मुठेल. असा मेद घातला असल्यास वेष्टनावर तसे स्पष्ट वाक्य छापणे बंधनकारक आहे. तो मेद कोणता, हे मात्र त्या वाक्यात सांगावे लागत नाही. ते त्याच वेष्टनावर, घटकांच्या यादीत, बारीक अक्षरांत शोधावे लागते.